तारामतीबाईंची फाइल कोणी उघडली

नामदेवरावांनी अक्रोडांची पिशवी टेबलावर ठेवली आणि ते खुर्चीच्या अगदी काठावर टेकले. एरवी हा माणूस बेगम बाजारातलं मसाल्याचं दुकान मुलावर सोपवून आला की आधी पंखा वाढवायला सांगायचा, मग चहा मागायचा, आणि धाकट्या भावाच्या नावानं बोटं मोडून झाल्यावर मग वाटणीच्या खटल्याकडे वळायचा. आज त्यानं पंख्याचं नावही काढलं नाही.

"हे काय आणलंत?" तारामतीबाईंनी विचारलं.

"अक्रोड आहेत, बाई. ताजा माल आलाय. रोज सकाळी दोन-चार भिजवून खात जावा. डोक्याला लई चांगले असतेत."

तारामती उमरीकर यांची सारी हयात दिवाणी कोर्टात वकिली करण्यात गेली होती. साक्षीदार कुठल्या शब्दापाशी जरा हळू होतो, ते त्यांच्या कानाला आपोआप कळायचं. नामदेवराव 'डोक्याला'पाशी हळू झाले होते.

"माझ्या डोक्याला काय झालंय, नामदेवराव?"

"काही नाही की. उमर झाली की होतंच असतंय." ते खिडकीतून नारायणगुड्याच्या चौकातली गर्दी बघू लागले. "बाई, एक बोलू का? रागाला येऊ नका. आमच्या केसचे कागद तेवढे द्या म्हणायलो होतो. हर्षवर्धन वकिलाला एकदा दाखवून घेतो. तुमच्यावर भरोसा नाही असं नाही…"

"कागद तुमचेच आहेत, केव्हाही न्या. पण तुम्ही काय ऐकलंत ते आधी सांगा."

नामदेवरावांनी पिशवीची गाठ उगाच घट्ट केली. "तुम्हाला घरचा पत्तासुद्धा याद राहात नाही म्हणे. दवाखान्यात इलाज चालू आहे म्हणे."

बाईंना राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो निराळाच: याला कळलं कसं?

कारण दवाखान्यात त्या खरंच गेल्या होत्या. महिन्याभरापूर्वी भर कोर्टात बोलता बोलता आपल्याच अशिलाचं नाव त्यांच्या ओठावर येईना. क्षणभराचीच गोष्ट, पण पाठीतून कळ गेल्यासारखं झालं. त्यांच्या वडिलांची अखेरची वर्षं पोटच्या मुलांना न ओळखता गेली होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी कोणाला न सांगता एका मोठ्या खासगी हॉस्पिटलमध्ये मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि एकट्याच गेल्या. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी नोंदीत 'स्मृतिभ्रंशाची शंका' असं लिहिलं आणि तपासण्या सांगितल्या. आठवड्यानं निकाल आले. स्मरणशक्ती ठणठणीत होती. रक्तातलं बी-बारा मात्र तळाला गेलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली, बाई घरी येऊन पोटभर जेवल्या आणि शांत झोपल्या. यातलं अवाक्षर त्यांनी कुणापाशी काढलं नव्हतं.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"घरात बोलणं निघालं. आमची त्रिवेणी म्हणत होती." त्रिवेणी म्हणजे त्यांची सून.

नामदेवराव कागद न घेताच उठले. दोन दिवसांनी मुलाला पाठवतो म्हणाले. जिन्यात त्यांची पावलं वाजेनाशी झाल्यावर बाईंनी एक अक्रोड फोडला. उलटतपासणी हा त्यांचा आवडता भाग. पण एखाद्या बातमीचीच उलटतपासणी घेत मागं मागं जायचं, हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या बेगम बाजारात गेल्या. खरेदीला म्हणून धने, खसखस घेतली आणि दुकानामागच्या घरात त्रिवेणीला हाक मारली. तिनं लगबगीनं पाणी आणलं. बाईंनी विचारताच ती कावरीबावरी झाली.

"मी पत्त्याबित्त्याचं नाही बोलले, मावशी. देवाशपथ. तुम्ही नावं विसरायला लागलात, एवढंच म्हटलं होतं. ते पत्त्याचं मामंजींनी स्वतःच जोडलं."

"आणि नावांचं तू जोडलंस?"

त्रिवेणीनं जीभ चावली. "विसरण्याचा आजार म्हटल्यावर नावंच विसरणार ना माणूस? म्हणून तसं बोलले. मला भजनात कळलं. गौलीगुड्याला आमचं बायकांचं मंडळ आहे ना. सुनंदामावशींनी तुमच्यासाठी सगळ्यांना जप करायला लावला."

"माझ्यासाठी जप?"

"हौ. सव्वा लाखाचा. आम्ही वाटून घेतलाय."

बाईंना हसू आवरेना. आपल्या नावानं गौलीगुड्यात माळा ओढल्या जात होत्या आणि आपल्याला पत्ताच नव्हता! मात्र सुनंदाचं नाव ऐकून त्या सावध झाल्या. सुनंदाला त्या चांगलं ओळखत होत्या. तिचा घटस्फोट त्यांनीच लढवला होता, आणि मुलाचा ताबा तिलाच मिळवून दिला होता.

गौलीगुड्यात बसस्टँडमागच्या गल्लीत सुनंदाचं घर. तिनं दार उघडलं आणि बाईंना बघून डोळ्यांत पाणीच आणलं. हाताला धरून आत नेलं, पाठीला लोड दिला.

"एकट्या कशाला आलात, ताई? रस्ता सापडला ना?"

"सापडला. सुनंदा, तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? आमच्या समीरनं. तो हॉस्पिटलात विम्याच्या काउंटरवर असतो ना. फार परेशान होता बिचारा. म्हणाला, आंटींची स्मरणशक्तीची ट्रीटमेंट सुरू आहे, आणि सोबत कोणीसुद्धा नव्हतं. मला राहवलं नाही, ताई. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, मी चार बायकांना जप करा म्हटलं. वाईट केलं का?"

बातमी मागं मागं जाताना लहान होत चालली होती, आणि प्रत्येक ठिकाणी ती कुणी ना कुणी मायेनंच पुढं ढकलली होती. वाईट चिंतणारं अजून एकही माणूस भेटलं नव्हतं.

"सुनंदा, तुझ्या केसमधलं मला किती माहीत आहे?"

सुनंदाचा चेहरा उतरला. "सगळं," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"या गल्लीत त्यातलं कोणाला काय कळलं?"

"काहीच नाही, ताई."

"तेवढंच विचारायचं होतं." बाई उठल्या. सुनंदानं चहासाठी थांबवलं नाही.

समीर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भेटला. सहा फुटी, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात निम्मं इंग्रजी, निम्मी दखनी. समोर इराणी चहा निवत होता. आईचा फोन आधीच आलेला दिसत होता.

"आंटी, सॉरी. दिल से सॉरी. मी कॉरिडॉरमधून चाललो होतो, तुम्ही एकट्या बसलेल्या दिसलात. मला वाटलं काय की झालं असेल. वर जाऊन कॉम्प्युटरवर नाव टाकलं, फाइल उघडली. बस."

"मला येऊन विचारलं का नाहीस?"

समीरनं कप बाजूला सरकवला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "विचारायला ऑड वाटलं."

"आणि बघायला नाही वाटलं?"

"तिथं कोणी समोर नसतं ना, आंटी."

बाई त्या वाक्यावर थबकल्या. पोरगा खरं बोलत होता. "पहिल्या दिवसाची नोंद वाचलीस. पुढची?"

"पुढची म्हणजे? नंतर काही आलं का?" तो खुर्चीत पुढं सरकला. "काय आलं?"

त्याच्या डोळ्यांत काळजी होती. काळजीच्या मागोमाग कुतूहलही होतं. दोन्ही इतकी मिसळलेली, की त्यालाही वेगळी करता आली नसती. सांगणार नाही, अशी बाईंनी नुसती मान हलवली.

"पण मी एकटाच नाही, आंटी," समीर एकदम म्हणाला. "सब देखते. फाइल कोणी कोणी उघडली ते सिस्टममध्ये राहतं. तुम्ही अर्ज करा. बघाच."

इथं मात्र बाई चक्रावल्या. बेगम बाजारापासून काउंटरपर्यंत आपण बातमीचं मूळ गाठलं, असं त्या धरून चालल्या होत्या. आता कळत होतं की हाती लागली ती एकच फांदी.

त्यांनी अर्ज केला. हॉस्पिटलचे प्रशासक श्रीनिवास राव गोड बोलणारे गृहस्थ होते. पहिल्यांदा त्यांनी "आमच्याकडे असं होत नाही, अम्मा" म्हणून बोळवण केली. बाईंनी वकिली कागदावर दुसरा अर्ज दिला, तेव्हा आठवड्यानं बोलावणं आलं. रावसाहेबांचा चेहरा या वेळी निराळा होता. संबंध नसताना फाइल उघडणारे बरेच निघाले होते, आणि प्रत्येकाकडून त्यांनी लेखी खुलासा घेतला होता. संकोचत त्यांनी ते वाचून दाखवले.

बाई कान देऊन ऐकत राहिल्या. रक्त तपासणाऱ्या एका मुलीचं आजोळ उमरीचं, म्हणून आडनाव बघून तिला वाटलं आपलंच कोणी असेल. हिशेब विभागातल्या एकाच्या घरी वाटणीचा वाद होता. या बाईंना वकील म्हणून धरावं की नाही, ते तो आजारावरून ठरवू बघत होता. एका नर्सनं लिहिलं होतं, वकील आहेत म्हटल्यावर भीती वाटली, काही चूक तर राहिली नाही ना ते पाहिलं. आणि व्यायामोपचार विभागातल्या प्रियदर्शिनी नावाच्या मुलीनं खुलाशात एकच शब्द लिहिला होता: सहज.

"सहज?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"तेवढंच लिहिलंय, अम्मा." रावसाहेबांनी चष्मा काढला. "त्या विम्याच्या मुलानं बाहेर बोलल्याचं लिहून दिलंय. त्याला आम्ही उद्याच काढतो."

"का? बातमी त्याच्याकडून बाहेर गेली म्हणून?"

"अर्थात."

"बाहेर सांगणं हा त्याचा वेगळा दोष, त्याची शिक्षा त्याला द्या. पण फाइल तर सगळ्यांनीच उघडली. कारण दिल्याशिवाय फाइल उघडायचीच नाही, असं का करत नाही तुम्ही? एका पोराला काढून तुमचं दार बंद होणार आहे का?"

रावसाहेबांनी बघतो म्हटलं, आणि थोडंफार केलंही. सगळ्यांना लेखी ताकीद मिळाली. समीरला स्क्रीनवरून काढून औषधांच्या गोदामात टाकलं, पगारवाढही थांबली. सुनंदानं बाईंना एक लांबलचक मेसेज पाठवला. त्यात 'आम्ही तुमचं भलंच चिंतलं' हे तीनदा होतं. भजनमंडळातला जप अर्ध्यावर थांबला, असं पुढं त्रिवेणीकडून कळलं.

कागद न्यायला दोन दिवसांनी येणारा मुलगा आलाच नव्हता; इतक्या दिवसांनी नामदेवराव स्वतःच आले. या वेळी हातात काही नव्हतं.

"बाई, मला मालूम झालं, तुमचा रिपोर्ट चांगला आलाय म्हणे. समीरची आई त्रिवेणीला म्हणत होती, नंतर काहीतरी आलंय, चांगलंच असेल." ते चाचरत म्हणाले. "तुम्ही मला तो कागद एकदा दाखवा. नुसता दाखवा. मग केस तुमच्याकडेच. हर्षवर्धनचं नावसुद्धा काढणार नाही."

रिपोर्ट टेबलाच्या खणात होता. बाईंचा हात खणाच्या मुठीवर गेलाही. एक कागद पुढं सरकवला की सगळं मिटणार होतं: बाजारातली कुजबुज, गेलेला अशील, गेलेली पत. त्या मुठीकडे बघत राहिल्या. आज चांगला आहे म्हणून दाखवायचा, तर उद्या वाईट आला तर? तो दाखवला नाही, तर न दाखवण्यातूनच लोक काय ते वाचून घेणार.

"नाही, नामदेवराव."

"मग लोकांचं खरं समजू का?"

"तुम्ही माझं कोर्टातलं काम बघा. चुकलं तर काढून टाका. माझ्या अंगात काय चाललंय ते मी तुम्हाला सांगणार नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही."

नामदेवराव उठले. मग कागदांचा गठ्ठा काखेत मारून, "येतो, बाई," म्हणून निघून गेले. केस गेली. बाईंना ते लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी स्वैपाक केला नाही. पण खण उघडला नाही, याचा पस्तावा काही झाला नाही.

तो 'सहज' मात्र त्यांची पाठ सोडेना. पुढच्या इंजेक्शनला गेल्या तेव्हा त्या मुद्दाम तळमजल्यावरच्या व्यायामोपचार विभागात डोकावल्या. पंचविशीतली एक मुलगी एका आजोबांचा गुडघा हळूहळू वाकवत होती. "तातगारू, अजून थोडं, थोडंच," असं लाडीगोडीनं म्हणत होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं: प्रियदर्शिनी.

तिनं मान वर केली. "अम्मा, टोकन घेतलंत का?"

आपल्याबद्दल सगळं वाचलेल्या मुलीला आपला चेहरा ओळखू येत नाही, हे बघून बाईंना मौज वाटली.

"टोकन नको. मी तारामती उमरीकर."

मुलीचा हात आजोबांच्या गुडघ्यावर थांबला. ती लाल झाली. तेलुगू वळणाच्या मराठीत, अडखळत म्हणाली, "मॅडम, जेवणाच्या सुट्टीत मी बसले होते. फोन चार्जिंगला होता. समोर नावांची यादी होती. वरून एकेक उघडत गेले. तुमचं पण आलं. खरंच काही कारण नव्हतं."

"बरं. काय वाचलंस माझ्याबद्दल?"

प्रियदर्शिनीनं मनापासून आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे पाहिलं.

"लक्षात नाही, मॅडम."

तारामतीबाई हसायला लागल्या. आजोबाही, बाई कशाला हसतात ते न कळता, हसू लागले. मग बाईंनी त्या मुलीला आजोबांचं काम पुरं करायला सांगितलं आणि इंजेक्शनसाठी वरच्या मजल्यावर गेल्या.