शिक्षकांची खोली

टेपचं एक टोक मावशींच्या अंगठ्याखाली देऊन ती मागे मागे सरकत गेली आणि पुढच्या बाकाच्या कडेशी थांबली. सहा फूट, वर दोन बोटं. तिने आकडा लिहून घेतला. मावशींनी अंगठा उचलला नाही.

"दाबून धरू अजून?"

"नको. झालं इथलं."

"एवढं लांब लांब बसवल्यावर मुलं भांडणार कशी?"

"ओरडून."

"म्हणजे मग तुमचा रोग आणखी लांब उडणार," असं म्हणत मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. या शाळेची झाडलोट आणि किल्ल्या तीस वर्षं त्यांच्याकडे होत्या. तिला त्यांनी सकाळी फाटकातच ओळखलं होतं. मास्कवरचे डोळे तेवढे उघडे होते, पण तेवढे पुरले. "बाईंची लेक," एवढंच म्हणून त्यांनी जुडगा पुढे केला होता आणि त्यानंतर बाईंचा विषय काढला नव्हता.

ती आरोग्य खात्यात तपासनीस होती. चौदा महिने बंद असलेल्या शाळा सोमवारी उघडायच्या होत्या. त्याआधी प्रत्येक शाळेत जाऊन बाकांमधलं अंतर, नळ, खिडक्या आणि हवा तपासायची आणि फॉर्मच्या शेवटी तीन चौकटींपैकी एकीत खूण करायची: उघडावी, अटीवर उघडावी, उघडू नये. ही शाळा तिच्या यादीत नव्हती. सहकाऱ्याच्या लांबच्या दोन शाळा स्वतःकडे घेऊन तिने ही मागून घेतली होती.

"तुझ्या आईची शाळा ना ती?" त्याने विचारलं होतं.

"हो. रस्ता माहीत आहे मला."

त्याने यादीवरची नावं बदलून दिली.

आई इथे भूगोल शिकवायची. गेल्या वर्षी, शिकवणं फोनवर चालू असताना, मुख्याध्यापकांनी शिक्षकांना शाळेत बोलावून घेतलं. एकत्र बसून पाठ तयार करा म्हणाले. बारा दिवस आठ माणसं शिक्षकांच्या खोलीत बसली. पुढच्या आठवड्यात तिघांना ताप आला. दोघे बरे होऊन परतले.

शाळा नापास करायची असं तिने स्वतःशीसुद्धा कधी शब्दांत म्हटलं नव्हतं. पण सकाळी निघताना तिने पेनात नवी रिफिल घातली होती. चौकटीत खूण करायला एवढी शाई लागत नाही. कारणं लिहायला लागते.

अडचण अशी झाली, की कारणंच सापडेनात. मुख्याध्यापक सरांनी प्रत्येक खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल दिलं होतं आणि कड्या काढून ठेवल्या होत्या, म्हणजे कुणाला बंद करायची हुक्की आली तरी होऊ नये. नळ सहाचे अकरा झाले होते. प्रत्येक नळाशी साबण होता, आणि साबण कुणी नेऊ नये म्हणून तो दोरीला ओवलेला होता. व्हरांड्यात मुलांनी उभं राहायचे पिवळे गोल काढले होते.

"गोल वाकडे आहेत," ती म्हणाली.

"हात माझाच आहे." सर हात मागे बांधून तिच्या चार पावलं मागे चालत होते. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण चाल वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलाची. "माझी भूमिती पहिल्यापासून कच्ची. बाई तर म्हणायच्या... कच्चीच आहे."

ते आईचे विद्यार्थी होते. नवीन नोकरीला लागले तेव्हा नकाशे मागायला घरी यायचे, आणि ती त्यांना दादा म्हणायची. आज सकाळपासून ती सर म्हणत होती आणि ते मॅडम.

हवा तपासायला वर्गात माणसं हवीत. मुलं नव्हती, म्हणून सरांनी सातही शिक्षकांना बाकांवर बसवलं. एक मोठं माणूस म्हणजे दोन मुलं, असा हिशोब होता. विज्ञानाच्या सरांचे गुडघे बाकात मावेनात. खेळाच्या बाईंनी करंगळी वर केली.

"बाई, जाऊन येऊ?"

"आत्ताच मधली सुट्टी झाली ना?" मागून कुणीतरी ओरडलं. "पालकांना बोलावून आण!"

तीही हसली. मास्कच्या आत हसलेलं कुणाला दिसत नाही, हे तिला अलीकडे सोयीचं वाटत असे. हातातलं कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र मात्र सहाशेच्या फारसं पुढे जाईना. मोकळ्या हवेत आकडा चारशेच्या आसपास असतो. बंद खोलीत माणसं श्वास सोडतात तसा तो चढतो. हजाराच्या वर गेला, की आपण एकमेकांचं उष्टं आत घेतोय असं समजायचं. अर्धा तास झाला. सहाशे दहा. पाचशे नव्वद. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक कसं फुंकून पितो, त्याचा हा नमुना होता. पण ताक निर्दोष होतं. तिने पहिल्या चौकटीकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"झालं," ती म्हणाली. "तुम्हाला सगळ्यांना सुट्टी."

शिक्षक अंग मोकळं करत चहाला गेले. सरांच्या सहीसाठी फॉर्म कशावर तरी टेकवायला हवा होता. टेबल शिक्षकांच्या खोलीत होतं. तिथे ती सकाळपासून गेली नव्हती. फॉर्ममध्ये त्या खोलीसाठी रकाना नव्हता, आणि नसल्याचं तिला बरंच वाटलं होतं.

दार लोटलेलं होतं. आत दिवसाउजेडी दिवा लावलेला. लांब टेबलाभोवती आठ खुर्च्या, सातांवर माणसं, मास्क हनुवटीवर, खेळाच्या बाई कुठल्याशा लग्नाची गोष्ट सांगत होत्या आणि सगळे टेबलावर वाकून हसत होते. आठवी खुर्ची नुसती होती. कुणी त्यावर पिशवीसुद्धा ठेवली नव्हती.

यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं. तिच्या हातात ते थरथरलं, तेव्हा तिने खाली पाहिलं. नऊशे वीस. ती तशीच उभी राहिली. तेराशे. हळूहळू बोलणं थांबलं, एकेक कप खाली आला.

"मॅडम, चहा?"

एकवीसशे.

खुर्चीच्या समोरच्या भिंतीला एक उंच लोखंडी कपाट टेकून उभं होतं. वर गुंडाळलेले नकाशे. कपाटाच्या दोन्ही बाजूंनी उजेडाच्या दोन बारीक रेघा येत होत्या.

"या कपाटामागे खिडकी आहे?"

सगळ्यांच्या माना कपाटाकडे वळल्या.

"सगळ्यांनी जरा बाहेर व्हा. कप घेऊन जा हवं तर."

खुर्च्या सरकल्या. खोलीत सर राहिले, आणि कप गोळा करायला आलेल्या मावशी. दार तिने सताड उघडं ठेवलं.

"हे कपाट इथे कुणी लावलं?"

"मी," सर म्हणाले. "मीच लावून घेतलं. दोन वर्षं झाली."

"कशासाठी?"

"दुसरीकडे जागा नव्हती."

बाजूची भिंत अख्खी रिकामी होती. फरशीवर तिथे चार पायांचे गंजके ठसे होते. तिने ते पाहिले, आणि तिने पाहिलेलं सरांनीही पाहिलं.

"मागच्या वर्षी बारा दिवस आठ माणसांना इथे बसवलंत. तेव्हा खिडकी आठवली नाही?"

"नाही आठवली."

"आणि आता? वर्गातल्या कड्यासुद्धा काढल्यात. मुलं घरी जातात, सर. दिवसभर हसायला, खायला, मास्क काढायला शिक्षक इथे येतात."

"मुलांच्या मागे लागलो," ते म्हणाले. "या खोलीत मी येतच नाही फारसा. वर्षभर."

तिने टोपण काढलं आणि उभ्यानेच लिहिलं. शिक्षकांच्या खोलीतील एकमेव खिडकी मुख्याध्यापकांच्या सूचनेवरून कपाट लावून बंद केलेली आढळली. अक्षर सरळ आलं. अकरा महिने ती हे वाक्य शोधत होती. ते इतकं छोटं निघेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"इथे सही."

सरांनी पेन घेतलं.

"सर, काय चालवलंय तुम्ही?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, कप विसळायला घ्या."

"कप काही पळून जात नाहीत. कपाट तुम्ही आणि मी ढकललंय, माझी कंबर अजून सांगते. स्वतःहून कधी लावलंत तुम्ही?"

"मावशी."

"बाईंनी सांगितलं म्हणून ढकललं. खऱ्याला कशाची भीती?" त्या तिच्याकडे वळल्या. सकाळपासून दाबून धरलेलं एकदम सुटलं होतं. "डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं ना बाईंचं. आणि चार वाजले की ऊन सरळ त्यांच्या खुर्चीवर. खुर्ची हलवू का म्हटलं, तर म्हणे पंचवीस वर्षं इथे बसतेय, आता कुठे हलवतेस. पडदा लावला, तर तो वाऱ्याने उडून ह्यांच्या चहात. मग एक दिवस म्हणाल्या, कपाटच आणा इकडे. लेकीने बजावलंय, डोळ्यावर तिरीप आली तर याद राख. लेकीचा हुकूम आहे बाबा, मोडायची सोय नाही. अशा हसल्या, अशा..."

मावशींचा हात मास्कवर गेला. तो तिथेच राहिला.

बाहेर व्हरांड्यात कुणाचा तरी चमचा पडला.

आठ दिवसांची रजा काढली होती तिने तेव्हा. दर चार तासांनी थेंब घातले होते. निघताना पथ्यांची यादी करून फ्रिजवर चिकटवली होती आणि शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती. आईने चष्मा लावून ती यादी वाचली होती आणि म्हणाली होती, गृहपाठ फार देतेस बाई तू.

तिने सरांच्या हाताकडे पाहिलं. सही अर्धी झाली होती.

"खोटं का बोललात?"

"बोलावलं मीच होतं," सर म्हणाले. आवाज खाली आला होता. "त्यात खोटं नाही. वरून आदेश नव्हता, कुणी मागे लागलं नव्हतं. मला वाटलं, एकत्र बसतील तर काम होईल. बाई म्हणाल्यासुद्धा, घरून जमतंय की रे. मी म्हटलं, या. ते लिही तू. हवं तेवढं लिही." 'तू' निसटल्याचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "आणि कपाटाचंही माझ्याच नावावर राहू दे. माझ्या नावावर एवढं आहे, त्यात आणखी एक. काय फरक पडतो."

त्यांनी सही पुरी करायला पेन टेकवलं. तिने फॉर्म त्यांच्या हाताखालून ओढून घेतला. सहीची शेपटी कागदाबाहेर, टेबलावर गेली.

"कपाट हलवायला पाहिजे," ती म्हणाली.

"हलवतो की. सोमवारच्या आत. चार शिक्षक हाताशी घेतो, आधी रिकामं करून..."

"आत्ता."

तिने फॉर्म आणि यंत्र टेबलावर ठेवलं आणि कपाटाची डावी कड धरली. मावशी पुढे आल्या.

"तुम्ही नको. कंबर सांभाळा."

सरांनी उजवी कड धरली. पहिल्या रेट्याला कपाट नुसतं कुरकुरलं. दुसऱ्या रेट्याला फरशीवर किंचाळत वीतभर सरकलं, वरचा एक नकाशा घरंगळून सरांच्या खांद्यावर पडला आणि ते "आई गं" म्हणाले. तिसऱ्याला जड गेलं, चौथ्याला सोपं. दोघांचेही मास्क आत-बाहेर होत होते. जुन्या ठशांवर चारही पाय येईपर्यंत दोघंही थांबले नाहीत.

खिडकीची चौकट फुगून अडकली होती. सरांनी तळहाताने तीन-चार धक्के दिले. जळमटं फाटली, एक कोळी काचेवरून पळाला आणि झडपा एकदम बाहेर उघडल्या. रस्त्याचा आवाज आत आला. फॉर्म उडाला, तो मावशींनी हवेत पकडला.

"चहा गार झाला असेल सगळ्यांचा," त्या कुणालाच न म्हटल्यासारखं म्हणाल्या आणि फॉर्म तिच्यापुढे धरला.

तिने लिहिलेल्या वाक्यावर एकच रेघ मारली. खोडलेलं वाचता यावं असा नियम होता. खाली लिहिलं: शिक्षकांच्या खोलीतील खिडकी कपाटामागे होती. कपाट हटवले. खोलीत एका वेळी चारच जणांनी बसावे, खिडकी व दार उघडे ठेवावे. मधल्या चौकटीत तिने खूण केली. आता नियमाप्रमाणे वीस मिनिटं थांबून आकडा पाहायचा होता. उभं राहून पाय भरून आले होते. तिने आठवी खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली.

चार वाजून गेले होते. समोरच्या इमारतीच्या कडेवरून ऊन थेट आत आलं होतं आणि तिच्या तोंडावर पडलं होतं. आकडा वाचायला तिला डोळे बारीक करावे लागले. तरी डोळ्यांतून पाणी येतच राहिलं. तिने मान वळवली नाही.

सरांनी इकडे तिकडे पाहिलं. मग पडलेला नकाशा उचलला आणि तो उलगडत खिडकीशी गेले.

"तात्पुरता हा लावू का? वीस मिनिटं तरी."

"नको," ती म्हणाली. "वारा अडेल."