चतुर्थीची भरती

"पाऊस नाही, पूर नाही, अन् पानी आपलं चालत आलं? आमाले येडं समजतं काय बे?" पंच दौलतराव म्हणाले आणि मारुतीच्या पारावर हशा पिकला.

गुलाब मान खाली घालून उभा होता. मुंबईकडच्या एका बंदरावर तो दोन वर्षं पोती वाहत होता. धाकट्या जगदेवला त्यानंच तिकडे बोलावलं आणि महिन्याच्या आत एकटाच जऊळक्याच्या स्टेशनावर उतरला. भाऊ समुद्रात बुडाला म्हणे! इथं पाणी म्हणजे मळ्यातली विहीर, नाही तर पावसाळ्यातला नाला. शिवाय वांग्याचा मळा दोघा भावांचा. गावाला खून दिसायला एवढं पुष्कळ झालं. आता जातीबाहेर टाकायचं तेवढं उरलं होतं.

एक माय तेवढी लेकाच्या बाजूनं. "माहा गुलाब खोटं बोलत नाही," म्हणत तुळसाबाई शाळेत गेली आणि कोकणातून आलेल्या मास्तरांना पारावर घेऊन आली.

"खरं आहे," मास्तर म्हणाले. "समुद्र रोज दोनदा भरतो, दोनदा ओसरतो. चंद्राच्या ओढीनं. वेळही ठरलेली असते. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल."

पंचांची तोंडं उतरली. गुलाब सुटला. पार रिकामा झाला. मागं राहिली माय, आणि खांबाआड पदर ओढून बसलेली जगदेवची बायको पंचफुला.

"जगदेव गेला तो दिस चतुर्थीचा," माय म्हणाली. "माहा उपास होता. तुले येळ मालूम होती?"

"होती, माय."

"त्याले सांगतली?"

नवख्याला ओहोटीत रेतीवर दूर पाठवायचं, पाणी पायाशी आलं की तो बोंबलत पळत येतो, मग सगळ्यांनी पोट धरून हसायचं, ही हमालांची जुनी खोड. पहिल्या वर्षी गुलाबचीही त्यांनी अशीच गंमत केली होती. रेतीत रुतलेली होडी पाहायला जगदेव हौसेनं निघाला. "दादा, आभाळ तर कोरं हाये," म्हणाला. पण पाणी समोरून आलंच नाही. आधी मागची खोलगट घळ भरली आणि परतीची वाट गेली.

"गंमत केली, माय."

माय रडली नाही, ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ताट वाढलं आणि भाकरीवर हात ठेवला. "आज कितीले भरते?"

गुलाबनं बोटांवर तिथी मोजली. "अष्टमी हाये. सहाले."

तिनं हात उचलला.

अकरा वर्षं हे चाललं. एक दिवस चुकला नाही. शेवटी माय गेली, तेरावं झालं आणि गुलाबला वाटलं, आता सुटलो. त्याला बरं वाटलं, मेल्याला.

चौदाव्या दिवशी पंचफुलानं ताट वाढलं. जेठाशी ती जन्मात बोलली नव्हती. आताही बोलली नाही. पदर पुढं ओढून, भाकरीवर हात ठेवून ती नुसती थांबली.

गुलाब तिथी मोजू लागला.