ट्रॉम्बोनवरची ओळ

आयडेलाने स्टँडवरचा कागद उचलला आणि मधल्या एका जागेवर बोट ठेवलं.

"हे कापा," ती म्हणाली. "ट्रॉम्बोनचं. मी गाते ती शेवटची ओळ कापायची नाही."

मर्ल हॅगुडने घड्याळ पाहिलं. चौदा वादकांचा बँड त्याचा. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची आणि गाणं वीस सेकंदांनी लांबलं होतं. उद्यापासून वादकांच्या संघटनेची बंदी. देशभरातला कुणीच वादक रेकॉर्डिंगला बसणार नव्हता, आणि ते किती महिने चालेल याची कुणालाच कल्पना नव्हती. त्यामुळे गेला आठवडाभर शिकागोतले सगळे स्टुडिओ ओसंडत होते. पाच वाजता इथे दुसरा बँड येणार होता. सव्वाचार वाजून गेले होते.

"ऑरिन, सोमवारी तू फौजेत चाललास," हॅगुड म्हणाला. "बोल, काय करू?"

ऑरिन पेटवेने ट्रॉम्बोनच्या पितळी नळीत फुंकून साचलेलं पाणी झटकलं. चार वर्षं तो या बँडमध्ये होता. एकट्याने वाजवायची ही त्याची रेकॉर्डवरची पहिलीच जागा.

"गाणं तिचं आहे, मास्तर," तो म्हणाला आणि त्याने पान उलटलं.

"बाईसाहेबांनी आपल्या सगळ्यांनाच कापावं," ड्रमवाला मागून पुटपुटला. "गाणाऱ्यांना कुठे बंदी आहे?"

दोघेतिघे हसले. आयडेलाने वळून पाहिलं नाही.

मंगळवारी तिच्या स्वरतंतूवरची गाठ कापायची होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. "बोलता येईल," डॉक्टर म्हणाले होते. गाण्याचं विचारलं तेव्हा ते हात धुवायला वळले. तीन वर्षं ती टल्सापासून ओमाहापर्यंत नाचघरांतून गात आली होती. माणसं नाचून घरी जात, आणि आवाज तिथेच विरून जाई. तिचं नाव असलेली एकही तबकडी जगात नव्हती.

पहिल्या खेपेला सॅक्सोफोन आधी घुसला. दुसऱ्या खेपेला शेवटच्या ओळीत, सूर वर चढतो तिथे, तिचा आवाज कापडासारखा टरकन फाटला.

"रेकॉर्ड कोरायला मेणाची एकच तबकडी उरलीय," काचेमागून तंत्रज्ञ म्हणाला.

"ती ओळ सोडू या," हॅगुड हळूच म्हणाला. "पियानोवर संपवू. आवाज गेलाय तुझा."

"आहे अजून. एकदा पुरेल एवढा आहे." तिने त्याची बाही धरली. "मास्तर, हात जोडते."

बाही तिच्या मुठीत तशीच राहिली. ड्रमवाला आपल्या काठ्यांकडे बघत बसला. शेवटी हॅगुडने मान हलवली.

ऑरिन पाणी घेऊन आला.

"काय झालंय ते विचारत नाही," तो म्हणाला. "वरचा सूर घाई करून घेऊ नकोस."

"राग नाही आला तुला?"

"आलाय ना. तो नंतर बघू."

लाल दिवा लागला. पहिल्या ओळी स्वच्छ आल्या. घोगरेपणाने त्यांना उलट वजनच आलं. शेवटच्या ओळीआधी तिने श्वास घेतला आणि तिला कळलं. अंधारात पायरी असेल म्हणून पाऊल टाकावं आणि तिथे पायरीच नसावी, तसं झालं. ती मायक्रोफोनपासून एक पाऊल बाजूला सरकली. मागे वळली नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिच्या खांद्याशी ट्रॉम्बोन सुरू झाला.

ऑरिनने आपली कापलेली जागा वाजवली नाही. त्याने तिची ओळ वाजवली. ती थांबायची तिथे तो थांबला, ती रेंगाळायची तिथे रेंगाळला. तीन वर्षं मागच्या रांगेत बसून त्याने हे रोज ऐकलं होतं. सूर फाटला होता तिथे तो वर गेलाच नाही. खालीच धरून त्याने तो अलगद सोडला. आयडेलाचे ओठ हलत होते.

दिवा विझला.

"तीन मिनिटं आठ सेकंद," काचेमागून आवाज आला. "बसलं."

हॅगुडने कपाळ पुसलं. "असंच जाऊ दे," म्हणाला आणि बाहेर गेला.

कंपनीचा कारकून फॉर्म घेऊन आला. "गायिकेचं नाव?"

आयडेलाने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"आयडेला टिल्मन," ऑरिन म्हणाला. "दोन्हींत 'एल' दोनदा."

कारकुनाने लिहिलं. मग मान वर करून म्हणाला, "शेवटी वाजवलंस ते छान होतं. पण वादकांची नावं आम्ही छापत नाही."

"माहीत आहे."

आयडेलाने कारकुनाच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. त्याच चौकटीत, आपल्या नावाखाली, ती एकेक अक्षर लिहू लागली. कचेरीत गेल्यावर ते खोडलं जाईल हे तिघांनाही ठाऊक होतं. दारातून दुसऱ्या बँडची माणसं वाद्यं आत आणू लागली होती.

ऑरिन तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"पेटवेत 'टी' दोन आहेत," तो म्हणाला.

तिने मान हलवली, आणि जागा करून दुसरा 'टी' आत बसवला.