चौदा नंबरच्या खोलीची चुंबकपट्टी

हेडमास्तर ग्लेन मॅब्रीने अहवाल वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला व्हर्ना स्टकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'सदर शिक्षिका नियम मोडून वर्गाबाहेर गेली.' सदर शिक्षिका म्हणे. तीन आठवड्यांपूर्वी पुरलेल्या पोरीला नाव नव्हतं का? टेसा ओंड्राक, वय चोवीस, नोकरीचं पहिलंच वर्ष. तिची आई डोरीन समोर बसली होती, मुलीच्या सामानाचं खोकं मांडीवर घेऊन.

नियम असा, की बंदूकवाला शिरल्याची घोषणा झाली की दार लावायचं आणि वर्ग सोडायचा नाही. आणि ओहायोतल्या या जुन्या शाळेतल्या वर्गांची कुलपं अशी, की किल्ली फिरते ती फक्त व्हरांड्याच्या बाजूने. आता बाहेर न जाता दार लावायचं कसं, ते नियम करणाऱ्यांनाच विचारा. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांचं काय जातं! आतून लागणाऱ्या कुलपांसाठी शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या व्हर्नाने सहा वर्षांत नऊ अर्ज केले होते. उत्तर ठरलेलं, पुढच्या वर्षी बघू.

शेवटी शिक्षकांनीच तोड काढली. सकाळी आल्या आल्या किल्ली फिरवून ठेवायची आणि चौकटीतल्या खाचेवर चुंबकाची पट्टी चिकटवायची. खटका अडकत नाही, मुलं ये-जा करतात. वेळ आलीच तर आतूनच पट्टी ओढायची, दार ढकलायचं, झालं बंद. पण ऑक्टोबरात आगीच्या नियमांची तपासणी झाली आणि या पट्ट्या चालणार नाहीत असं ठरलं. मॅब्री खोलीखोलीत फिरला आणि पोरांची खेळणी काढून घ्यावीत तशा त्याने त्या गोळा केल्या. प्रत्येकीवर ज्याच्या त्याच्या हाताने नावाची चिठ्ठीसुद्धा लावून घेतली. "जूनमध्ये सुट्टी लागली की परत मिळतील," म्हणाला.

फेब्रुवारीत एका मंगळवारी, गणिताच्या तासाला, तो माणूस आला. टेसा किल्ली घेऊन बाहेर गेली, तिने कुलूप लावलं आणि दाराशीच पडली. आतल्या एकवीस पोरांपैकी एकालाही ओरखडा नाही. आता शाळा तिच्या नावाची पितळी पाटी दर्शनी भिंतीवर लावणार होती, आणि चूकही तिच्याच माथी मारणार होती.

"व्हर्ना, तू शेजारच्याच खोलीत होतीस," मॅब्री म्हणाला. "वर्ग सोडायचा नाही हे सगळ्यांना सांगितलं होतं, एवढंच लिहून सही कर. बाकी तुला कोणी काही विचारणार नाही."

बाकी म्हणजे काय, ते व्हर्नाला पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीला सोळा महिने राहिले होते. तिने पेन उचललं.

"स्टकीबाई, एक विचारू?" डोरीन पहिल्यांदाच बोलली. "तुमचं दार कसं लागलं?"

"हा विषय आत्ता नको," मॅब्री मध्येच म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं. बाई, तुम्ही बाहेर गेला होतात?"

"नाही." व्हर्नाने स्वेटरच्या खिशातून काळी पट्टी काढून टेबलावर ठेवली. "ही मी दिलीच नव्हती. दडवून ठेवली होती."

डोरीन पट्टीकडे बघत राहिली. "टेसाला ठाऊक होतं?"

"एवढी एकच नव्हती, डोरीन. माझ्याकडे दोन होत्या. नोव्हेंबरात ती आली होती माझ्याकडे. बाई, जास्तीची आहे का हो एखादी, मला त्या दाराची भीती वाटते, म्हणाली. मी नाही म्हणाले. तू नवीन आहेस, नसत्या फंदात पडू नकोस, असंही वर शिकवलं तिला."

"तिच्या भल्यासाठी?"

"तिला तसंच सांगितलं. खरं म्हणजे ती पट्टी तिच्या दारावर सापडली असती तर माझंही नाव निघालं असतं. मी घाबरले."

"फोनवर सांगायची मला," डोरीन म्हणाली, "शेजारी स्टकीबाई आहेत, तू काळजी करू नकोस."

व्हर्नाने कागद पुढे ओढला, छापलेल्या ओळीवर काट मारली आणि आत्ता बोलली ते सगळं खाली लिहिलं. टेसाची पट्टी कोणी नेली तेही लिहिलं. सही केली.

मॅब्रीने टेबलावरची पट्टी उचलली, खण ओढला. "ही जमा करून घ्यावी लागेल. जूनमध्ये परत..." सवयीने बोलून गेला. खणात सगळ्या पट्ट्या नीट रचून ठेवलेल्या होत्या.

"टेसाची शोधा," डोरीन म्हणाली.

त्याला शोधावी लागली. 'ओंड्राक, खोली १४.' टेसाचं ते गोल गोल अक्षर. डोरीनने ती मुठीत धरली, खोकं काखेत मारलं आणि दाराशी जाऊन थांबली. हेडमास्तरांच्या दाराला आतल्या बाजूने, मुठीखाली, एक छोटी पितळी कळ होती. तिने ती बोटांनी फिरवून पाहिली. खट्कन लागली.

"हे लागतं की आतून," ती म्हणाली.