वाळवंटातली खळी

माझा धाकटा भाऊ वासुदेवराव याला एखादी गोष्ट माहीत नाही, असं जन्मात कधी झालेलं नाही. साकोलीच्या बसस्टँडवर उभा राहून गाडीला उशीर का झाला, ते तो अनोळखी माणसांनाही समजावून सांगतो.

त्याची मुलगी कामिनी गवतावर संशोधन करते. आफ्रिकेतल्या एका वाळवंटात हजारो गोल टकलं पडली आहेत. मधे लाल, कोरडी माती आणि कडेनं उंच गवत. ती कशानं पडतात, याचा वाद जाणत्या लोकांतही मिटलेला नाही. त्याच कामावर दोन वर्षांसाठी कामिनीची निवड झाली होती. होकार उद्या कळवायचा होता, आणि बाप नाही म्हणाला तर ती जाणार नव्हती. इतकी गुणाची पोर या घरात कशी जन्मली, कोण जाणे.

ती सानगडीला बापाच्या घरी आली म्हणून मीही एकोडीहून आले. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. भावानं चष्मासुद्धा लावला नाही.

"हे त खळे होत," तो म्हणाला. "बैल फिरवून धान चुरलं का जागा अशीच गोल पडते. कडेले दाने सांडतात, थेच उगवतात."

शेजारचा हिरालाल ओट्यावर बसला होता. त्यानं लगेच मान डोलावली. त्या मानेला दुसरं काम नाही.

"बाबा, तिथं धानापुरता पाऊसच नाही. धान कुठून येईन?"

"पह्यले होत असन. झालं, उत्तर भेटलं. आता जाऊन काय करशीन?"

कामिनीनं मुकाट्यानं मोबाइल खाली ठेवला. माझं डोकंच फिरलं.

"माह्या मालकाच्या छातीत दुखत होतं, तई बी तुले उत्तर भेटलं होतं," मी म्हणाले. "ग्यास हाय म्हनलास. दवाखान्यात नेऊ देल्लं नाही. त्याच ग्यासनं मी विधवा झाली."

हिरालाल चपला शोधू लागला. भावानं चष्मा लावला, मोबाइल उचलला आणि फोटो नीट पाहिला.

"मंग काय असन थे?"

"मले माहीत नाही, बाबा. कोनालेच नाही."

"जाय," तो म्हणाला. "तुले समजलं का मले बी सांगजो."

कामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही. हाच प्रश्न त्यानं तेव्हा एखाद्या डॉक्टरला विचारला असता, तर आज सानगडीला आम्ही दोघं आलो असतो.