केबलवरची सून

नीलाबाईंनी सुनेशी, म्हणजे कावेरीशी, संक्रांतीपासून अबोला धरला होता. आणि एकदा धरलेलं सोडण्याची त्यांना सवय नव्हती, हे अख्ख्या घाटनांदुराला ठाऊक होतं.

कारण साधं होतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यापासून नीलाबाईंचं सगळं जग एका रेडिओत होतं. कावेरीनं तो अंबाजोगाईच्या दुकानात 'जुनं द्या, नवं न्या' योजनेत दिला आणि रंगीत टीव्ही आणला.

"मला दिसत न्हाई अन् घरात टीव्ही! त्येच्यावर काय पापड वाळवू?" एवढं बोलून नीलाबाईंनी जे तोंड मिटलं ते मिटलंच.

अबोल्याच्या घरात बोलायचं ते वस्तूंशी. "चुली, माझं चुकलं म्हणावं," कावेरी म्हणे. "रेडू परत आणाया गेलते, पर दुकानदारानं त्यो कवाच इकला." यावर नीलाबाई खांबाला सांगत, "खांबा, भाकरी करपली म्हणावं."

मुलगा सिद्धाराम कापडाचे गठ्ठे घेऊन बाजारोबाजार फिरायचा, म्हणजे घरात या दोघीच. सुनेच्या बडबडीवाचून नीलाबाईंना दिवस खायला उठायचा. पण आधी बोलायचं? छे! नाव नको.

मग एका रविवारी कावेरी चुलीला म्हणाली, "मी बंकटकडं चालले." बंकट म्हणजे समोरच्या माडीवरचा केबलवाला. रविवारी दुपारी तो गावाला सिनेमा दाखवायचा आणि मध्येच माइकवरून साड्यांच्या सेलची जाहिरात ठोकायचा. शेजारच्या साखराबाईनं येऊन टीव्ही लावला. सिनेमा सुरू झाला आणि त्यातून चक्क कावेरीचा आवाज आला.

"ज्यांना दिसत न्हाई त्यांच्यासाठी मी सांगणार हाय. दिसतंय त्यांनी गप ऐकावं."

नीलाबाई ताठ झाल्या.

सिनेमातली माणसं बोलत असली की कावेरी गप्प. ती थांबली की ही सुरू. "हिरो आला. पांढरी पँट, पांढरे बूट, अन् निघालाय चिखलात. धुणारी घरी बसलीय, ह्याला काय! आता गाणं हाय. दोघंबी बर्फात. त्येला कोट, तिला मातर पातळ साडी. कुडकुडायलीय बिचारी, तरी हसायलीय. व्हिलन आला बगा. मिशा आपल्या गिरणीवाल्या भारतवानी."

गल्लीच्या टोकाकडून भारतचा "ए बे, बंकट!" असा आवाज आला.

"हिरोइन जेवाया बसली. त्येच्यावरनं आठवलं, शिंक्यात धपाटे हायेत. आत्याबाईनी दह्यासंगट खावेत, पर आधी बीपीची गोळी घ्यावी."

नीलाबाईंची गोळी गावाला कळली. साखराबाई हसून हसून भुईवर लोळली. नीलाबाईंनी तोंडात पदर कोंबला, पण खांदे कुठे ऐकतात? ते गदगदा हललेच.

होता होता शेवट आला. हिरोची हरवलेली आई देवळाच्या पायऱ्या चढतेय आणि मागून व्हिलन येतोय. "त्येनं सुरी उचलली. आई वळली. अन्..."

अन् कावेरी गप्प. नुसतं संगीत वाजतंय, ढम ढम ढम.

"साखरा, काय झालं गं?"

"थांबा ओ काकू, मला बगू द्या!" साखराबाई हुंदके देत म्हणाली.

"टीव्ही, कावून गप बसली ती? बोल म्हणावं तिला!" टीव्हीशी बोललं तर अबोला मोडत नव्हता. पण टीव्ही ढिम्म.

नीलाबाईंना आता बसवेना. त्या तशाच उठल्या, काठी न घेता गल्ली ओलांडली, एका सायकलवाल्याला शिव्या हासडल्या, कठडा चाचपत बंकटची माडी चढल्या आणि दार ढकललं.

"कावेरे! मेली का वाचली ती? सांग की गं!"

माइक चालू होता. नीलाबाईंचा अबोला घाटनांदुरातल्या झाडून साऱ्या टीव्हींतून मोडला. घराघरांतून आरोळी उठली, कुणी ताट वाजवलं.

कावेरीनं माइक तोंडाशी धरला आणि नीलाबाईंना तोच मघाचा सांगणारा आवाज ऐकू आला, फक्त आता जरा ओला.

"दारात माझी सासू आलीय. मी मुद्दाम गप बसलते. गोष्ट अर्धी ऱ्हायली की हिला दम निघत न्हाई, मला ठावं व्हतं. पायात चप्पल न्हाई. पदर भुईला लोळतोय. लई चिडलीय. न्हाई, चिडली न्हाई. हसायलीय. अन् रडायलीय बी. आता हात पुढं केलाय. मला हुडकायलीय."

"हुडकायलीय काय, येडे! सांगत काय बसलीस? ये की हितं!"

"अन् मी चालले," कावेरी म्हणाली, आणि माइक टेबलावर आदळल्याचा आवाज गावभर झाला.