गोमाची डुलकी

कीर्तीचं डोकं सकाळपासून तापलं होतं. खरवईहून अंबरनाथ एमआयडीसी गाठायला रिक्षाने तासभर खाल्ला, आणि इथे रंगाच्या कारखान्यात मॅनेजर कमळाकर तेच तेच उगाळत बसले होते. "मॅडम, तुम्हीच परवा फोनवर म्हणालात, घड्याळ चुकणार नाही, ऑपरेटरनेच उशीर केला असेल. त्या ऑपरेटर गोमाने झोपलो म्हणून लिहूनही दिलंय. आज संध्याकाळी त्याला कामावरून काढतो."

म्हणाली होती खरी. रंग शिजवायच्या यंत्राचा कंट्रोलर तिचा, त्यातला कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्रॅम, तिने स्वतः लिहिलेला. कामगार तिला कर्नलबाई म्हणत, फौजेतली समजून. यंत्राने वीस मिनिटं मोजून घंटा द्यायची, गोमाने वाफ बंद करायची, एवढं साधं काम. यंत्राच्या नोंदीत घंटा बरोबर विसाव्या मिनिटाला, बॉयलरच्या नोंदीत वाफ सव्वीस मिनिटं चालू. अख्खी बॅच करपली. मधली सहा मिनिटं गोमा झोपला असणार, दुसरं काय?

तिने यंत्राचं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं. सहा मिनिटं मागे. 

सुरू करायचं बटण दाबलं तर बोटाला चिकटलं. नखाने खरवडलं तर लाल. त्या बॅचच्या आधीच खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली होती, कुंकू आणि नारळाचं पाणी थेट बटणात मुरलं होतं. बटण एकदा दाबलं की आत थरथरत राहायचं आणि कर्नलला सारखी हाक मारायचं. टायमरही सेकंदाला हजारदा हाक मारतो, एका हाकेला घड्याळाची एक टिचकी मोजायची. पण कीर्तीने काय शहाणपणा केला होता? बटणाची नोंद लिहून होईपर्यंत बाकी सगळ्या हाकांना दार बंद. टायमर बाहेर ओरडून थकला, टिचक्या बुडाल्या, घड्याळ मागे पडलं. कपाळ माझं, ती पुटपुटली.

"पण पूजा केली कोणी? गोमानेच," कमळाकर म्हणाले. "म्हणजे फिरून चूक त्याचीच."

"कुंकू दरवर्षी लागणारच, साहेब," ती तडकली. "बटण लाख वेळा थरथरलं तरी घड्याळ थांबता कामा नये, आणि ते बघणं माझं काम होतं. रिपोर्टात माझं नाव लिहा. त्यांना काढलंत तर मी हे तुमच्या मालकांना लेखी कळवीन."

कमळाकरांनी कुरकुरत रिपोर्ट पुढे ओढला आणि गोमाचं नाव खोडलं.

गोमा दाराशी उभा होता. बारवीकडच्या पाड्यावरचा, पन्नाशीचा माणूस. कीर्तीचा सगळा वैताग त्याच्यावरच निघाला. "काका, झोपला नव्हतात, तर लिहून कशाला दिलंत?"

"मी जागाच व्हतो, बाय. घंटा वाजली आन् लगेच वाफ बंद केली. पन तुमी शिकलेली मान्सं म्हनता घड्याल चुकत नाय. मंग म्हटलं, मलाच डुलकी लागली असंल."

तिने खुर्ची पुढे सरकवली. "बसा जरा."

"नको," गोमा म्हणाला. "त्या दिसापासून मी कामावर बसतच नाय. डोला लागतो आन् मला कलतही नाय."